दुधातला राग

डॉक्टर हसली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पंचविशीतली पोरगी, केस घट्ट बांधलेले, सकाळपासून तीन वर्गांच्या आयांना तेच तेच सांगून घसा बसलेला. एखादीचा प्रश्न ऐकून हसू आलं तर आलं. शाळेच्या अंगणात पत्र्याखाली आम्हाला चौथीतल्या मुलांच्या खुर्च्यांवर बसवलं होतं, गुडघे पार छातीशी, आणि प्रत्येकीच्या हातात एक चिठ्ठी होती. तीन आठवड्यांपूर्वी विद्यापीठाची माणसं येऊन गेली होती. त्यांनी मुलांना एका पिशवीत फुंकायला लावलं, मग आंबट संत्र्याचं पाणी पाजलं, अर्धा तास गप्प बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. गणिताचा तास बुडाला म्हणून पोरं खूश. जठराच्या भिंतीला धरून राहणारा एक जंतू असतो, तो असला की फुंकरीत कळतं, असं डॉक्टर सांगत होती. वर्गातल्या बत्तीस मुलांपैकी एकोणीस जणांच्या फुंकरीत तो निघाला होता. माझ्या नोएमीच्याही. नोएमीच्या वर्गातल्या विल्फ्रिदोच्या आईनं विचारलं, "म्हणजे तिखटानं नाही होत? चिंचेच्या त्या तिखट गोळ्या हा दिवसभर चोखत असतो." "तिखटानं नाही होत. कमी द्या, पण त्यानं नाही होत." "आणि रस्त्यावरचं खाऊन?" "हात धुवा, पाणी उकळा. पण हा बहुतेक वेळा घरातच लागतो, अगदी लहानपणी." मग मी हात वर केला. का केला कोण जाणे, मी कधी हात वर करत नाही. म्हणाले, "आणि रागानं? म्हणजे आई चिडलेली असताना बाळाला अंगावर पाजलं तर?" तेव्हा ती हसली. "नाही हो, सेन्योरा. राग दुधातून जात नाही. तुम्ही हवं तेवढं चिडा." बाकीच्या आया हसल्या नाहीत. सगळ्या आपापल्या चिठ्ठीकडे बघत बसल्या.

हवं तेवढं चिडा. हे कुणी नऊ वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते. नोएमी तेव्हा चार महिन्यांची होती. शहराच्या कडेला, इस्तापालापाच्या या चढावर आमचं घर म्हणजे एकच जागा, खाली सासूबाई दोन्या चोले, मागच्या खोलीत मी आणि माझा नवरा मेलितोन, आणि वरचं छत आमचं. आमचं म्हणजे लग्नात दोन्या चोलेनं पंचवीस माणसांसमोर तसं सांगितलं होतं, हातात ग्लास धरून: छत ग्रिसेल्दाचं, तिनं तिथं दोन खोल्या बांधाव्यात आणि मला नातवंडं द्यावीत. मी रोज वर जायचे. पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहून इथं खिडकी, इथं चूल, असं पावलांनी मोजायचे. आणि मे महिन्यातल्या एका दुपारी मी बाळाला लस टोचून घरी आले तर छतावर गवंडी. लोखंडी सळया उभ्या केलेल्या, सिमेंटच्या गोण्या, आणि माझा दीर रुतिलिओ कमरेवर हात ठेवून उभा, स्वतःसाठी खोल्या बांधून घेत. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. मेलितोनला माहीत होतं. मी अंगणात उभी राहिले, बाळ लसीमुळे रडत होतं म्हणून त्याला अंगाशी लावलं, आणि ओरडले. आयुष्यात तशी मी कधीच ओरडले नव्हते. शेजारच्या कुत्र्यांनी भुंकणं थांबवलं. मी रुतिलिओला बोलले, मेलितोनला बोलले, दोन्या चोलेला तर असं काही बोलले की ते आजही मला लिहवत नाही, आणि सगळा वेळ नोएमी पीत होती, चुटूचुटू, डोळे मिटून. मला अजून आठवतं, खूप मोकळं वाटत होतं मला.

संध्याकाळपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. तीन दिवस ती सरकारी दवाखान्यात सलाईनवर होती, तिच्या डोक्यात सुई टोचली होती कारण हातात शीर सापडत नव्हती. दवाखान्याच्या बोळात दोन्या चोले माझ्या शेजारी बसली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू तिला राग पाजलास, पोरी." ओरडून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती प्रेमानं म्हणाली. आज शाळेच्या त्या चिमुकल्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला आणखी एक आठवलं, जे नऊ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं: त्या आठवड्यात आठ दिवस नळाला पाणी नव्हतं, टँकर आला नव्हता, आणि आम्ही हौदाच्या तळाचं गढूळ पाणी कापडातून गाळून वापरत होतो. माझी बोटं त्याच पाण्यात धुतलेली होती. तिची झबली त्याच पाण्यात. पण तेव्हा पाण्याचं नाव कुणी घेतलं नाही. आई समोर बसलेली असताना पाण्याला कोण दोष देतो.

मला कुणी फसवलं नाही, हेच तर वाईट आहे. मी लगेच मानलं. आमच्या त्लास्कालाच्या गावातही हेच म्हणतात, माझी आजीही हेच म्हणायची. चिडलेल्या माणसानं ॲव्होकाडो खाऊ नये, अंडं खाऊ नये, आधी कडू पाल्याचा चहा प्यावा, पित्त खाली बसू द्यावं, मग जेवावं. आमच्या गल्लीतला एक म्हातारा जावयाशी भांडून आला, ॲव्होकाडोचा एक तुकडा तोंडात टाकला आणि तिथंच गेला, असं आम्हाला लहानपणी सांगत आणि आम्ही ते ऐकताना हातातला तुकडा खाली ठेवत असू. मग आईच्या पित्तानं तान्ह्या पोराचं पोट बिघडणार नाही तर काय होणार? नोएमी बरी झाली पण तिचं पोट कायमचं नाजूक राहिलं. दोन वर्षांची असताना ती जेवणानंतर मुठी आवळून बसायची. तीन वर्षांची असताना तिला चोळणाऱ्या बाईकडे नेलं, तिनं पोटाला अन्न चिकटलंय म्हणून पाठीची कातडी चिमटीत धरून ओढली, कट् असा आवाज झाला, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "घरात भांडणं आहेत का?" चार वर्षांची झाल्यावर नोएमी स्वतःच सांगायला लागली. मी मेलितोनला नुसतं विचारत होते की रविवारी तू कुठं होतास, आवाजसुद्धा चढवला नव्हता, तर ही मधे आली, फासळ्यांखाली हात ठेवला आणि म्हणाली, "आई, चिडू नकोस, माझं पोट दुखेल." मेलितोनचे डोळे भरून आले. दोन्या चोलेनं तिला उचलून घेतलं. मी दोघांची माफी मागितली. रविवारी तो कुठं होता हे मला आजतागायत कळलेलं नाही.

माणूस राग गिळायला लागला की त्याला ते जमायलाच लागतं. मला इतकं जमलं की त्याची नोकरी मिळाली. पाण्याच्या तक्रारींचा फोन असतो, त्यावर मी बसते. समोर एक पडदा, कानाला यंत्र, आणि बोलायला सहा वाक्यं ठरवून दिलेली. लोक बारा दिवस पाणी नाही म्हणून फोन करतात, पाणी आलं पण चहासारखं आलं म्हणून करतात, टँकरवाल्यानं शेजारच्या गल्लीत पाणी दिलं आणि आमच्यात दिलं नाही म्हणून करतात. माझ्या आईवरून शिव्या देतात. मी म्हणते, "तुमचं म्हणणं मी समजू शकते. तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." फोन आपण होऊन ठेवायची परवानगी नाही. बाकीच्या मुली मधेच उठून संडासात जाऊन रडतात, एकीनं एकदा यंत्र काढून भिंतीवर मारलं. माझा आवाज कधी हलला नाही. गेल्या नाताळात साहेबांनी सगळ्यांसमोर मला सर्वात शांत आवाजाचं बक्षीस दिलं, एक कप होता, त्यावर हसरा चेहरा. एक बाई मात्र चांगली आठवते. तिच्या घरात आजारी माणूस होतं, चादरी धुवायला पाणी नव्हतं, ती वीस मिनिटं बोलली आणि मी माझी सहा वाक्यं फिरवत राहिले. शेवटी तिनं हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच राग येत नाही का?" मी म्हणाले, नाही. म्हणाले, मला मुलगी आहे. ती काय समजली असेल देव जाणे.

पण छत नाही, रविवार नाही, नोकरीही नाही. त्या खुर्चीवर बसून मला आठवत होती ती माझी आई. नोएमी अकरा महिन्यांची होती, अजून अंगावर पीत होती. माझ्या भावानं गावाहून फोन केला तो दोन्या चोलेनं घेतला. आई गेली होती. सोमवारी गेली, मंगळवारी पुरली, आणि मला गुरुवारी सांगितलं. तीन दिवस दोन्या चोलेनं मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, कोंबडीचं सूप करून हातात दिलं, बाळाचे कपडे स्वतः धुतले, आणि मला वाटलं होतं की म्हातारीचं मन माझ्याकडे वळलं. मी मेलितोनला म्हणालेसुद्धा, तुझी आई किती चांगली वागतेय. तो भिंतीकडे बघत म्हणाला, हो. गुरुवारी तिनं मला बसवलं, आधी पाव खायला दिला, धक्क्यानं पोट रिकामं राहू नये म्हणून, आणि मग सांगितलं. "लगेच सांगितलं असतं तर धक्का दुधात गेला असता," ती म्हणाली. "एकदा आपण पाहिलंय ना काय होतं ते." आणि मी, ग्रिसेल्दा, जिची आई तिच्याशिवाय मातीत गेली, मी दोन्या चोलेचा हात हातात घेतला आणि तिचे आभार मानले. गावी माझ्या भावानं वर्षभर माझ्याशी तोंड उघडलं नाही. त्याला वाटलं, शहरात जाऊन मला शिंगं फुटली. मी त्याला समजावलं नाही, कारण समजावताना मला रडू आलं असतं, आणि रडता रडता राग आला असता, आणि मांडीवर पोर होती.

डॉक्टर अजून बोलत होती. चौदा दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही. घरातल्या मोठ्यांनीही तपासून घ्यावं, विशेषतः ज्यांच्या पोटात जळजळ होते त्यांनी, कारण हा जंतू मोठ्यांच्या तोंडातून लहानांच्या तोंडात जातो असं दिसतं. एकाच चमच्यानं चाखून भरवणं. पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून साफ करणं. "आणि आज्या घास चावून भरवतात ना, मऊ करून, तसं." दवाखान्यातून आणल्यावर नोएमी काही घेईना, सहा महिन्यांची झाली तरी वरचं काही तोंडात टिकेना, आणि दोन्या चोले तिला मांडीवर घेऊन मक्याची टॉर्टिया चावायची, कोंबडीचा तुकडा चावायची, बोटावर काढून तिच्या ओठांना लावायची. आणि स्वतः उशीखाली पांढऱ्या औषधाची बाटली ठेवून झोपायची, छातीत आग पडते म्हणून. मला उठून ओरडावंसं वाटलं की सापडलं, सापडलं, मी नव्हते! पण डॉक्टर लगेच म्हणाली, तेही कुणाच्याच बाबतीत नक्की सांगता येत नाही, कुणाकडून लागला ते शोधत बसू नका. म्हणाली की काही मुलांच्या पोटात जंतू आहे आणि पोट दुखत नाही, काहींचं दुखतं आणि जंतू नाही. "मग नक्की काय आहे?" विल्फ्रिदोची आई म्हणाली. "नक्की एवढंच की औषध घ्या," डॉक्टर म्हणाली. मला तिचाही राग आला. नऊ वर्षं मला दोष देणाऱ्यांना एका क्षणाचीही शंका आली नव्हती, आणि सोडवणाऱ्या बाईला काहीच नक्की नव्हतं.

घंटा झाल्यावर नोएमी दप्तर ओढत आली. चढावर ती माझ्या पुढे-मागे करत बडबडत होती, की विल्फ्रिदोनं इतक्या जोरात फुंकलं की पिशवी टरारली, की ते संत्र्याचं पाणी गोड नव्हतं, की जंतूला डोळे असतात का. मी हं हं म्हणत होते. डोक्यात वाक्यं जुळवत होते. आधी शांतपणे चिठ्ठी दोन्या चोलेसमोर ठेवायची, मग जंतूचं सांगायचं, मग चावलेल्या घासाचं, आणि मग तिला बसवायचं, जसं तिनं मला बसवलं होतं, आणि आईचं सांगायचं. मिनीबस धूर सोडत गेली. कोपऱ्यावर पाण्याच्या टँकरभोवती बाया बादल्या घेऊन भांडत होत्या, तावातावानं, एकमेकींच्या अंगावर जात, आणि मी थांबून बघत राहिले. एकीच्या कडेवर पोर होतं आणि तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि पोर मजेत तिचं कानातलं ओढत होतं. मला त्या बाईचा एवढा हेवा वाटला की नोएमीनं माझा हात हलवला. "आई, चल ना."

दोन्या चोले स्वयंपाकघरात भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे काढत होती. ते काम ती न बघता करते, सुरी पानावरून सर्रकन फिरते आणि काटे वर्तमानपत्रावर पडतात. शेगडीवर घेवडा शिजत होता. मेलितोन पहाटेच बेकरीत जातो, तो परत येऊन आत झोपला होता.

"काय म्हणाली डॉक्टर?"

"जंतू आहे. पोटात. चौदा दिवस गोळ्या आहेत."

"हं. जंतू कुठं नसतात."

"लहानपणी येतो, दोन्या चोले. घरातल्याच कुणाच्या तरी तोंडातून. चावून भरवलेल्या घासातून."

सुरी थांबली नाही. "मग आम्ही सगळे कधीच खपायला हवे होतो. माझ्या आईनं मला असंच भरवलं. आणि तुझी लेक सगळं थुंकत होती तेव्हा तिच्या तोंडात घास गेला तो माझ्याच हातून, विसरलीस?"

मी विसरले नव्हते. तेही खरं होतं, आणि ते खरं आहे याचाच मला संताप आला. "तुमच्या छातीत आग किती वर्षं पडते?" मी विचारलं.

"मेलितोननं तुला घरात आणली तेव्हापासून," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. नोएमीही हसली.

"तुम्ही तपासून घ्यायला हवं, असं ती म्हणाली. आणि ती म्हणाली, राग दुधातून जात नाही. मी सगळ्यांसमोर विचारलं. रागाचा आणि याचा काही संबंध नाही."

आता तिनं सुरी खाली ठेवली. कमरेच्या फडक्याला हात पुसले. ती विचार करत होती, आणि मला वाटलं, आता म्हणेल. काय म्हणेल ते मला माहीत नव्हतं, पण काहीतरी म्हणेल, चूक झाली असं अर्ध्या तोंडानं तरी. "हे बघ पोरी," ती म्हणाली, "जंतू असेल, मी कुठं नाही म्हणते? विद्यापीठाची माणसं खोटं कशाला बोलतील. पण एकोणीस पोरांना तो लागला आणि बाकीच्यांना नाही, असं का? जंतूलाही खायला काहीतरी लागतंच ना. ज्या पोटात पित्त, तिथंच तो ठाण मांडतो. आणि या पोरीच्या पोटात पित्त कुठून आलं?"

मी म्हणाले, "तुमचं म्हणणं मी समजू शकते."

माझ्याच तोंडून, त्याच आवाजात, कपवाल्या आवाजात. मी ते ऐकलं. नऊ वर्षांनी पहिल्यांदा मला हक्कानं राग आला होता आणि माझ्या घशात तो आवाज बसला होता, सहा वाक्यं घेऊन. दोन्या चोलेनं समाधानानं मान हलवली आणि पुढचं पान उचललं. त्या मान हलवण्यानं झालं. मी वाक्यं जुळवली होती ती सगळी गेली, चिठ्ठी हातातून पडली.

"माझी आई मेली होती!"

दोन्या चोलेच्या हातातलं पान खाली पडलं. आतून मेलितोननं विचारलं, "काय झालं?" आणि उत्तराची वाट न बघता गप्प झाला.

"तीन दिवस! तीन दिवस तुम्ही मला सूप पाजलंत आणि माझी आई तिकडे मातीत गेली! तिच्या तोंडावर रुमाल मी टाकायचा होता, मी! एकुलती एक लेक होते मी तिची!"

"पोर अंगावर पीत होती, ग्रिसेल्दा."

"डबा आणायचा! या एवढ्या शहरात डब्याचं दूध मिळत नव्हतं का? मी गेले असते आणि आले असते, पाझरत गेले असते, पण गेले असते! आणि मी तुमचे आभार मानले! तुम्ही मला आभार मानू दिलेत!" माझा आवाज फाटत होता, तो मला ओळखू येत नव्हता, शेगडीवरचं झाकण वाजत होतं की माझे दात हे कळत नव्हतं, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं, तेव्हा अंगणात वाटलं होतं तसंच, पायापासून वर बरं वाटत होतं. दोन्या चोले माझ्याकडे बघत होती. भिंतीला टेकली होती. पहिल्यांदाच ती मला म्हातारी दिसली आणि मला तिची दया आली नाही.

"आई," नोएमी म्हणाली. "आई, दुखतंय."

ती दारात उभी होती, फासळ्यांखाली हात ठेवून, थोडी वाकलेली. आणि मी थांबले. विचार करून थांबले असं नाही. नळाची चावी फिरवावी तशी थांबले, वाक्याच्या मधेच, तोंड उघडं.

"बघ," दोन्या चोले हळूच म्हणाली. तिच्या आवाजात विजय नव्हता. खरीखुरी काळजी होती. "बघितलंस?"

मी नोएमीपुढे गुडघे टेकून बसले. तिचा हात बाजूला केला आणि तिथं माझा ठेवला. पोट मऊ होतं, गरम, शाळेच्या सदऱ्याखाली वरखाली होत होतं. आणि मी तिला असं काहीतरी विचारलं जे नऊ वर्षांत कधी कुणी विचारलं नव्हतं, ना चोळणारीनं, ना बापानं, ना मी.

"खरं?"

तिनं आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थोडं."

"नोएमी."

तिनं पायातल्या बुटाचं टोक जमिनीला घासलं. "आत्ता नाही."

"म्हणजे?"

"दुखतं मला. रात्री दुखतं. सकाळी काही न खाता शाळेत गेलं की दुखतं. परवा खेळाच्या तासाला इतकं दुखलं की मी भिंतीला धरून उभी होते, पण बाईंना सांगितलं नाही." ती झरझर बोलत होती, जणू खूप दिवस कुणी विचारेल म्हणून पाठ करून ठेवलं होतं. "तू चिडायला लागलीस की तेव्हा नाही दुखत. तेव्हा मी नुसती सांगते."

"का?"

तिला माझा प्रश्न मूर्खपणाचा वाटला. "म्हणजे तू थांबतेस."

"आजीनं शिकवलं?" मी विचारलं. कबूल करते, मला हो हवं होतं. आजीनं शिकवलं म्हणाली असती तर सगळं एका जागी ठेवता आलं असतं.

"नाही. मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू चिडलीस की बाबा निघून जातो. आणि आजी माळ घेऊन बसते. आणि मी एकटीच राहते तुझ्याजवळ."

मला तिचा राग आला. आईला असं वाटू नये म्हणतात, पण आला, भसकन आला, माझ्या नऊ वर्षांच्या पोरीचा. रविवार कुठं गेला, ते छत कुठं गेलं, माझ्या भावाची माया कुठं गेली, सगळं मी हिच्या पोटावरून ओवाळून टाकलं होतं, आणि त्यातलं अर्धं तिनं नुसत्या हाताच्या खुणेनं घेतलं होतं. माझा हात अजून तिच्या पोटावर होता आणि तिला तो जड झालेला कळला असावा, कारण तिनं डोळे बारीक केले, फटका येणार असल्यासारखे. आणि मग माझ्या लक्षात आलं की खेळाच्या तासाला ती भिंतीला धरून उभी राहिली आणि तिनं कुणाला सांगितलं नाही. आपलं पोट आईला गप्प करण्यासाठी आहे, दुखण्यासाठी नाही, असं तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं. खरं दुखत होतं तेव्हा ती गप्प बसत होती. ते तिला कुणी शिकवलं हे विचारायची गरज नव्हती. घरात शांत आवाजाचं बक्षीस मलाच मिळालं होतं.

मी चिठ्ठी उचलली, घडी करून तिच्या खिशात घातली. तिच्या कपाळावर आलेले केस मागे सारले. राग तसाच होता, एक कणही कमी झाला नव्हता, आणि मला तो कमी व्हायला नको होता.

"बाहेर जा," मी म्हणाले. "अंगणात खेळ. आईला अजून ओरडायचं आहे."

"माझ्यावर?"

"नाही."

तिनं माझ्या खांद्यावरून आजीकडे पाहिलं. दोन्या चोलेनं शेगडी बंद केली होती. ती खुर्ची ओढून बसत होती, हळूहळू, टेबलाच्या कडेला धरून.

"किती वेळ?" नोएमीनं विचारलं.

"माहीत नाही. बराच वेळ."

"मग बाबा निघून जाईल."

"जाऊ दे."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि दुखलं तर?"

"तर ये," मी म्हणाले. "कितीही ओरडत असले तरी सरळ आत ये. पण खरं दुखलं तर."

तिनं मान डोलावली. बाहेर जाऊन तिनं दार लावून घेतलं, आणि मी सासूकडे वळले.